जुना संगणक आणि सुरक्षित दूरप्रवेश

डिचोलीच्या बाजारात माझ्या मामांचे हार्डवेअरचे दुकान आहे. पावसाळ्यात नदी फुगली की बाजारात पाणी शिरते, आणि मामांना मालापेक्षा उधारीच्या खात्यांची काळजी अधिक. ती खाती विंडोज एक्सपीच्या एका जुन्या संगणकात आहेत. बिलाचा प्रोग्राम दुसऱ्या कशावर चालत नाही, म्हणून संगणक बदलता येत नाही. पुण्याच्या मामेभावाने लिनक्सचा एक सर्व्हर भाड्याने घेतला आणि रोज रात्री खात्यांची प्रत तेथे ठेवावी असे ठरले. सॉफ्टवेअर शोधण्याचे काम माझ्याकडे आले. मी वाणिज्य शाखेचा. पण घरातला संगणकाचा जाणकार मीच! तेव्हा पेडण्याहून म्हापशाला बस बदलून डिचोली गाठली.

एक्सपीबरोबर टेलनेट मिळते. मात्र टेलनेटने पाठविलेला परवलीचा शब्द वाटेत कोणालाही वाचता येतो; तिजोरीचा आकडा पोस्टकार्डावर लिहून धाडावा, तसेच ते. 1995 साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच ही पद्धत तयार केली. हिच्यात दोन्ही संगणक आधी आपसांत गुप्त किल्ली ठरवितात व पुढचे सारे बोलणे कुलूपबंद होते.

एक्सपीत एसएसएच नाही. विंडोज 10 मध्ये ते 2018 पासून आपसूक येऊ लागले. जुन्या विंडोजसाठी सोयीचे म्हणजे केंब्रिजच्या सायमन टॅथम यांचे पुट्टी, तेही फुकट. (मामा पुट्टी किलोवर विकतात, नाव त्यांना फार आवडले.) दुकानातल्या एका जुन्या सीडीत ते सापडले, सुरूही झाले, पण सर्व्हरने दारातूनच परत पाठविले. सर्व्हरवरील ओपनएसएसएचने 2015 च्या 7.0 आवृत्तीत आणि पुन्हा 2021 च्या 8.8 मध्ये दुबळ्या ठरलेल्या काही जुन्या पद्धती बंद केल्या आहेत. त्या पुन्हा सुरू करता येतात, आणि पुष्कळजण तोच सल्ला देतात. मला तो पटला नाही. एका जुन्या पाहुण्यासाठी दाराची कडी सगळ्यांनाच ढिली कशाला करावी?

मग 2017 ची 0.70 आवृत्ती टॅथम यांच्या मूळ पृष्ठावरून घेतली. मूळ पृष्ठच हवे, कारण 2015 मध्ये परवलीचे शब्द चोरणारे नकली पुट्टी आढळले होते. ही आवृत्ती एक्सपीवर चालली. पहिल्या वेळी सर्व्हरच्या किल्लीचा ठसा पडद्यावर येतो. बँकेत धनादेशावरची सही नमुना सहीशी ताडतात, तसा तो ताडावयाचा असतो. लोक मात्र न वाचताच 'होय' दाबतात. मी मामेभावाला फोन लावून अक्षर न् अक्षर जुळविले. एवढ्यात दोन गिऱ्हाईके झाली असती, असे मामा म्हणाले. पुट्टीबरोबरच्या पीएससीपीने फाईल गेली.

येथे थांबता आले असते. पण जुन्या पुट्टीतील काही दोष 2019 च्या 0.71 मध्ये दुरुस्त झाले होते, ते आमच्या प्रतीत तसेच राहिले. शिवाय एक्सपीची डागडुजी मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी थांबविली आहे. एसएसएच वाट राखते. घरात आधीच शिरलेला चोर परवलीचा शब्द कळफलकावरूनच टिपतो. शेवटी एक्सपीची इंटरनेटची वायर काढली. एक वापरलेला लॅपटॉप घेतला, त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम व ताजे पुट्टी घातले. रोज रात्री खाती पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपवर आणि तेथून सर्व्हरवर जातात. पेन ड्राइव्ह ह्याच कामापुरता ठेवला आहे. जादा खर्चाबद्दल मामा दोन दिवस कुरकुरले.

महिनाअखेरीस प्रत सर्व्हरवरून परत उतरविली आणि मी तेरीज मांडली. पैशापर्यंत जुळली.