आतड्यातले जिवाणू आणि इसब

इसब उठतो कातडीवर. मग त्यावरचा उपाय शोधायला शास्त्रज्ञ आतड्यात का शिरले?

लहान मुलांच्या गालांवर, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत कातडी कोरडी व लाल होते, खाज सुटते, खाजवले की लस येते. ज्या घरात दमा किंवा अॅलर्जी आहे, तेथील मुलांत हा विकार अधिक आढळतो. (तो शेजारी बसल्याने लागत नाही, हे वर्गात सर्वांनी लक्षात ठेवावे.) येथे शरीराची संरक्षण-यंत्रणा निरुपद्रवी पदार्थांवरही तुटून पडते. ह्या यंत्रणेच्या पेशींचा मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो, आणि आपपर ओळखायला त्या शिकतात ते तेथल्या जिवाणूंच्या सहवासात. मग योग्य जिवाणू बाळाला आधीच मिळाले तर?

फिनलंडमधील तुर्कू येथे हे करून पाहिले गेले. निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. घरात अॅलर्जीचा इतिहास असलेल्या १५९ गर्भवतींचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हे जिवाणू असलेल्या कॅप्सूल दिल्या. दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या, पण जिवाणू नसलेल्या. कोणाला काय मिळाले हे ना मातांना ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना! बाळंतपणाआधी २ ते ४ आठवडे आणि नंतर ६ महिने हा क्रम चालला. मुले दोन वर्षांची झाली तेव्हा जिवाणू मिळालेल्या ६४ पैकी १५ मुलांना इसब होता. दुसऱ्या गटात ६८ पैकी ३१ मुलांना. टक्केवारी काढून पाहा, प्रमाण निम्म्यावर आलेले दिसेल.

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे तेच जिवाणू घेऊन असाच प्रयोग झाला. २००८ साली निकाल आला: जिवाणू गटात ५० पैकी १४, दुसऱ्यात ४४ पैकी १२. फरक जवळजवळ शून्य! एकाच प्रयोगावर विसंबू नये ते ह्यासाठी.

हे झाले प्रतिबंधाचे. इसब झाल्यावर जिवाणू दिले तर? २०१८ साली अशा ३९ चाचण्या, सुमारे २६०० रुग्ण, एकत्र तपासल्या गेल्या. खाजेत वा झोपेत सांगण्यासारखा फरक बहुधा पडत नाही, असे दिसले. म्हणून डॉक्टरांनी दिलेले मलम सोडून केवळ दह्यावर किंवा कॅप्सूलवर भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते.

शिवाय दोष कातडीतही असू शकतो. फिलॅग्रिन हे प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट ठेवते. ते बनवणाऱ्या जनुकात बिघाड असलेल्यांना इसब अधिक होतो, हे २००६ साली कळले. थर विरळ झाला की ओलावा उडतो आणि बाहेरचे पदार्थ आत शिरतात. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच ओलावा धरून ठेवणारे मलम लावायला सांगतात ते ह्याचसाठी.