शब्दांविना साक्ष

मनन: 1 पेत्र 3:1-2



न मानणारा पती पत्नीच्या वर्तनाने जिंकला जातो, असे पेत्र लिहितो. टिळकांच्या घरी हे उलट बाजूने घडले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळे पाळले. टिळकांनी पाळू दिले. 1900 साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला.

किनवट-माहूरच्या कोलाम, गोंड वस्त्यांवर जाताना मला हे आठवते. ठरलेली मजुरी आपण पुरती देतो का? त्यांच्या घरचे पाणी पितो का? औषधासोबत प्रार्थनेची अट घालतो का? अट आली की सेवेचा सौदा होतो.

लातूर-नांदेडच्या मंडळ्यांनो, प्रथम आपले वर्तन तपासू या.