उलटं कोरावं, तेव्हा सुलटं उमटतं

उदगीर
आषाढ शुद्ध दशमी

चि. छकुलीस,


तुझं पत्र पोचलं. पंधरा दिवस खपून तांब्याच्या पत्र्यावर विठोबा कोरलास, खाली नावही घातलंस, आणि ठसा काढला तर नाव उलटं! वर्ग हसला, म्हणून आता हे सोडून कॉम्प्युटरवरचं डिझाइन घेते म्हणतेस. घे, पण आधी मामाचं ऐक.

तांब्यावर अक्षर कोरायची विद्या आपल्याकडे फार जुनी. राजांची दानपत्रं ताम्रपटांवरच असायची. पण ती सुलटी कोरलेली, पत्र्यावरच वाचायची. पुढे नाना फडणवीसांनी पुण्यात एका तांबटाकडून गीता छापण्यासाठी कोरून घ्यायला सुरुवात केली. १८०० साली नाना गेले. काम मिरजेला पटवर्धनांकडे पोचलं आणि १८०५ साली तिथे गीता छापली गेली. हाताला मुरलेलं प्रत्येक वळण त्या तांबटाला उलटं करावं लागलं असेल. त्याचे किती पत्रे वाया गेले असतील, कोण जाणे.

जर्मनीतला चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर तर सोनाराचाच पोरगा. शेळीवर उलटी बसलेली चेटकीण त्याने कोरली, तिच्यात त्याच्या सहीतलं 'डी' उलटं छापलंय. ते त्याने मुद्दाम केलं असं जाणकार मानतात. तुझं मुद्दाम नव्हतं, एवढाच काय तो फरक!

त्याचं १५१४ सालचं संत जेरोमचं चित्र मिळवून बघ. बायबल लॅटिनमध्ये आणणारा हा संत खोलीत लिहीत बसलाय, पुढ्यात सिंह आणि कुत्रा पेंगताहेत. चित्र आपल्या शाळेतल्या पाटीएवढं. खिडकीतलं ऊन भिंतीवर पडलंय ते नीट न्याहाळ. ते ऊन म्हणजे काय? रेघांच्या मधे सोडलेला कोरा कागद.

लहानपणी तुला बिदरला नेलं होतं, आठवतं? बिदरीचा कारागीर कोरलेल्या खाचेत चांदी ठोकून बसवत होता. मग किल्ल्यातली माती चोळली की धातू काळा पडायचा आणि चांदी तेवढी चमकायची. बिदरीत कोरलेलं उजळतं. तुझ्या कामात कोरलेल्या रेघेत शाई भरते, ते काळं होतं. उजेड राहतो तो हात न लावलेल्या जागी. म्हणून लेकरा, कुठे कोरायचं याच्या आधी कुठे थांबायचं ते ठरवत जा.

आणखी दोन गोष्टी. वळणदार रेघ काढताना कोरणी फिरवू नकोस. हात स्थिर ठेव, पत्रा वाळूच्या चामडी उशीवर ठेवून तोच फिरव. आणि हा पत्रा टाकू नकोस. तांबं चूक पोटात घेतं. नावापुरती जागा खरवड, घोटून गुळगुळीत कर, खळगा पडला तर मागून हलके ठोकून वर आण आणि आरसा समोर ठेवून नाव पुन्हा कोर. एवढं झाल्यावरही कॉम्प्युटरच हवा वाटला, तर माझी ना नाही.

पहिला ठसा मात्र फाडू नकोस. दिवाळीला येताना दोन्ही आण. उलटा आहे तो तुझी आई आरशात वाचेल.

तुझा,
मामा