गोठ्यातील उष्माघात : प्रतिबंध व निदान

ग्रीष्मात उघड्या शेतात राबणाऱ्या मजुरास ऊन लागते, हे आपण सर्वच जाणतो. परंतु छपराखाली काम करणारा मजूर अत्यवस्थ होऊन आला, तर चिकित्सकाचे लक्ष उष्माघाताकडे सहसा जात नाही. ‘अंशुघात’ हा आपल्या वापरातील शब्दही यास थोडाबहुत कारणीभूत असावा. अंशु म्हणजे किरण. जेथे किरणच नाहीत तेथे घात कसला, असे मन सहज म्हणून जाते.

यवतमाळला लागून असलेल्या लोहारा परिसरात वैशाखात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. कुडाच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले गोठे आता थोडे उरले. त्यांच्या जागी टिनाचे शेड आले. तापलेले टिन वरून उष्णता ओतते, जनावरांच्या अंगची उष्णता त्यात मिसळते आणि शेण-मूत्राच्या ओलीने हवा दमट होते. घाम वाळला तरच शरीर निवते. दमट हवेत तो नुसता ओघळतो. कोंबड्यांच्या शेडमध्ये पक्ष्यांसाठी फवारे सुरू असतात, तेथेही मजुराची अवस्था हीच. त्यातच शेणखत उपसून गाड्या भरणे, कुटार रचणे ही वर्षातील सर्वांत कष्टाची कामे मृगापूर्वी, म्हणजे नेमकी याच दिवसांत उरकावी लागतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शेडमधून चाळिशीची एक मजूर स्त्री दुपारी चारच्या सुमारास आमच्याकडे आणली गेली. डोकेदुखी, मळमळ, चालताना झोकांड्या. अंग घामाने चिंब. ती उन्हात गेलीच नव्हती, म्हणून आम्ही पित्तप्रकोप व अशक्तता समजून सूतशेखर दिले आणि तिला पडून राहण्यास सांगितले. वीस मिनिटांनी तिला स्वतःचा मुलगा ओळखू येईना. तेव्हा काखेत तापमापी लावली, ती १०३ अंश फॅ. दाखवू लागली. अंगावर पाणी ओतत, पंख्याने वारा घालत तिला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविले. ती वाचली, परंतु ती वीस मिनिटे आम्ही गमावली होती.

त्वचा कोरडी असेल तरच उष्माघात, हा समज प्रथम सोडावा. वृद्धांत ती बहुधा कोरडी आढळते. श्रमाने उष्माघात झालेल्या मजुरात ओली असू शकते. उष्ण जागी श्रम, असंबद्ध बोलणे किंवा भ्रम, आणि शरीराचे आतील तापमान १०४ अंशांच्या वर, एवढे पुरेसे आहे. काखेतील आकडा आतील तापमानाहून कमी येतो, हे विसरू नये. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही, कारण हा ज्वर नव्हे. शुद्ध हरपत असलेल्या रुग्णास तोंडाने काहीही, अगदी पन्हेसुद्धा, देऊ नये. शीत परिषेक व अवगाह हीच आद्य चिकित्सा होय, आणि त्याची सामग्री गोठ्यातच असते : हौद, बादली, भिजविलेले गोणपाट. पहिल्या अर्ध्या तासात शरीर निववावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका लगेच बोलवावी. पण ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.

प्रतिबंधाविषयी चरकाचार्यांनी तस्याशितीय अध्यायात ग्रीष्मासाठी मधुर, शीत, द्रव, स्निग्ध अन्नपान सांगून लवण, अम्ल, कटु रस व व्यायाम वर्ज्य म्हटले आहेत. मजुरास व्यायाम टाळता येत नाही. घामावाटे त्याचे लवण जाते. म्हणून मीठ घातलेले पातळ ताक, पन्हे, ज्वारीची आंबील यांची योजना आम्ही निःशंकपणे करतो. रक्तदाब, हृद्रोग व मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांत मात्र तारतम्य हवे. तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. स्त्रिया पाणी कमी पितात, कारण शेडजवळ शौचालय नसते. हे मालकास स्पष्ट सांगणे आम्ही चिकित्सेचाच भाग मानतो.

नव्या मजुराकडून पहिल्या दिवशी पूर्ण काम घेऊ नये. गंभीर प्रसंग बहुधा पहिल्या काही दिवसांतच घडतात. पादांशिक क्रमाने सात्म्य करण्याचा चरकोक्त नियम येथे तंतोतंत लागू पडतो.

औषधी विक्रेत्यांना विनंती की, ओआरएसची मोठी पुडी देताना ती एक लिटर पाण्यातच, पूर्णपणे एकदम विरघळवावी, हे प्रत्येक वेळी सांगावे. गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे, तेव्हा तशी पेये पर्याय म्हणून देऊ नयेत. उशीरासव, चंदनासव ‘थंडावा’ म्हणून मागितले जातात. त्यांत मद्यांश असतो आणि मजूर मात्रा पाळतोच असे नाही. सर्दीच्या गोळ्या व मूत्रल औषधे घेणाऱ्यास गोठ्यातील कामाविषयी अवश्य विचारावे. खिशातला पांढरा कांदा असू द्यावा, त्याने अपाय नाही. पण अंग निवण्याचे काम तो करीत नाही.

टिनावर बाहेरून चुन्याचा दाट हात द्यावा व वरच्या बाजूस गरम हवा निघून जाण्यास वाट ठेवावी. पऱ्हाट्यांचा थर घातल्यास शेड निवते, मात्र तो चुलीपासून व विजेच्या तारांपासून दूर असावा. शेणखताचे काम सकाळी दहापूर्वी आटोपावे. दुपारचे दोहन चारऐवजी साडेपाचला घेतल्यास जनावर दोन-तीन दिवस कुरकुरते, मग रुळते.