रद्दीत गेलेली अमानत

कार्तिक वद्य एकादशीला निर्मळच्या यात्रेत शंकराचार्यांच्या समाधीचे दर्शन घेऊन तळ्याकाठाने परतत असताना मी भाजक्या शेंगांचा पुडा घेतला, आणि शेंगा संपल्यावर तो कागद सहज उलगडून पाहतो, तो त्यावर माझ्याच दुकानाचा शिक्का! शिक्क्याच्या वर गावातील एका विधवा बाईंच्या आधारकार्डाची छायाप्रत, खाली त्यांची सही, आणि समासात माझ्याच हस्ताक्षरातील शेरा : ‘दोन हप्ते थकले.’

घरगुती उपकरणे हप्त्याने विकण्याचा माझा व्यवसाय. खाते चुकते झालेल्या गिऱ्हाइकांचे अर्ज मी वर्षानुवर्षे एका पेटीत साठवले होते, आणि दिवाळीच्या साफसफाईत, आता यांचे काय काम, एवढाच विचार करून ते किलोच्या भावाने रद्दीवाल्याला दिले होते. यात्रेच्या दिवशीच संध्याकाळी तो चुरगळलेला कागद घेऊन मी बाईंच्या दारी गेलो आणि घडले ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. ‘भाऊ, शिलाई मशीन हप्त्यावर घेतलंय हे मी माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं,’ एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडून उरलेले अर्धे पोते मी परत आणले. बाकीचे अर्धे यात्रेत वाटले गेले होते.

बाईंनी जपला होता तो खासगीपणा, आणि तो मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. पुढे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हेतू सरल्यावर माहिती नष्ट करण्याचे बंधन घातले, सुरक्षेतील कसुरीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तजवीज केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध होताना मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. परंतु हा कायदा डिजिटल स्वरूपातील, किंवा मागाहून तसे रूप दिलेल्या माहितीपुरताच आहे. पेटीत पडलेल्या निव्वळ कागदी अर्जाला तो शिवत नाही, आणि म्हणूनच त्या अर्जाची राखण सर्वस्वी दुकानदाराच्या इमानावर अवलंबून राहते.

माझ्या व्यवसायबंधूंना म्हणून कळकळीने सांगतो : कामापुरतेच कागद मागा. आधारची प्रत घेणे भागच असेल, तर केवळ शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ घ्या, आणि प्रतीवर कारण व तारीख आडवी लिहवून घ्या. अर्जाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवू नका. ठेवलात की आपण कायद्याच्या कक्षेत आलात हे जाणा. करासाठी लागणारी बिले मुदतभर जपा, पण ओळखीचे कागद शेवटचा हप्ता मिळताच गिऱ्हाइकाच्या हाती परत द्या. गिऱ्हाईक न आल्यास ते बारीक फाडून पाण्यात भिजवा, रद्दीत मात्र कदापि देऊ नका. आणि इतके करूनही चूक झालीच, तर ती त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगा.

बाईंचा तो कागद मी त्यांच्याच हाती दिला. त्यांनी तो निमूटपणे चुलीत घातला, आणि तो पुरता जळेपर्यंत आम्ही दोघेही तेथून हललो नाही.