उतरणीवर इंजिनाचा अटकाव व ऑटोमॅटिक गाडी

शेतमाल पिकविणें हें अर्धें काम होय. तो बाजारांत धडपणें पोंचविणें हें राहिलेलें अर्धें. जुन्नरकडील भाजीपाला माळशेज घाटानें, नाशिककडील टोमॅटो कसारा घाटानें व पुण्याकडील माल बोरघाटानें मुंबईच्या बाजूस उतरतो. ज्या गाडींतून तो उतरतो तिचा मालक किंवा चालक पुष्कळदां शेतकरीच असतो. यास्तव गाडी उतरणीवर कशी धरावी ह्याचा विचार शेतकीच्या मासिकांत केला तर तो अस्थानीं होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ह्या बाबतींत दोन समजुती आमच्या कानांवर वारंवार येतात. पहिली अशी कीं, घाट न्यूट्रलमध्यें उतरला म्हणजे तेवढें इंधन वांचतें. दुसरी समजूत नवी आहे. २०१४ सालीं सेलेरिओ ह्या मोटारींतून ए. एम. टी. जातीची स्वस्त गिअरपेटी आपल्या देशांत आली, आणि तेव्हांपासून क्लच दाबण्याची गरज नसलेल्या गाड्या सामान्य कुटुंबांतहि दिसूं लागल्या. असल्या गाडींत गिअरचें सारें काम यंत्र पाहतें, तेव्हां पाय उचलला कीं इंजिन गाडी आपोआप धरील, असें कित्येकांस वाटतें. दोन्ही समजुती तपासून पाहूं.

उष्णतेचा हिशेब

खंडाळ्याहून खोपोलीस येतांना रस्ता सुमारें ५०० मीटर खालीं उतरतो. मालासह ३ टन वजनाची गाडी वेग न वाढवितां एवढी उतरावयाची तर जवळजवळ दीड कोटि ज्यूल शक्ति कोठें तरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेनें २० अंशांवरील सुमारें ४४ लिटर पाणी उकळीस येईल. वाऱ्याचा व टायरांचा विरोध तिचा कांहीं भाग खातो. उरलेली सर्व उष्णता, चालकानें केवळ ब्रेकवर भिस्त ठेवल्यास, चाकांपाशीं सांठते.

मग काय होतें? लायनर तापून त्यांची पकड ढिली पडते. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ३ जातीचें तेल नवें असतां २०५ अंशांच्या आंत उकळूं नये असा नियम आहे. ओल शोषलेल्या तेलास हीच मर्यादा १४० अंशांची आहे. तेल उकळलें कीं नळींत वाफ होते, वाफ दाबाखालीं आकसते, आणि ब्रेक तळापर्यंत दाबूनहि गाडी थांबत नाहीं.

इंजिन गाडीस कसें अडवितें

गिअर लागलेला असतां अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला म्हणजे काम उलटें होतें: इंजिन चाकांस फिरवीत नाहीं, चाकें इंजिनास फिरवूं लागतात. पेट्रोलच्या इंजिनांत ह्या वेळीं हवा आंत येण्याची वाट जवळजवळ बंद असते. मिटलेल्या वाटेंतून हवा ओढण्यांत व आंतील घर्षणांत गाडीचा जोर खर्ची पडतो. डिझेल इंजिनांत हवेची वाट बहुधा अशी अडविलेली नसते. म्हणून मोठ्या ट्रकांस धुराची वाट अडविणारा निराळा एक्झॉस्ट ब्रेक बसवितात. गिअर जितका खालचा, तितके त्याच वेगास इंजिनाचे फेरे अधिक व तितका अटकावहि अधिक.

इंधनाचा प्रश्नहि येथेंच सुटतो. आतांच्या इंजेक्शनच्या इंजिनांत गिअर लागलेला, पाय उचललेला व फेरे पुरेसे असले तर इंधन मुळींच सोडलें जात नाहीं. चाकेंच इंजिन फिरतें ठेवतात. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालू ठेवण्यास इंधन द्यावेंच लागतें. तात्पर्य, घाटाच्या उतरणीवर न्यूट्रलनें बचत होत नाहीं. खर्च होतो, आणि सारा भार ब्रेकवर पडतो.

ऑटोमॅटिक पेटींतील सैल जागा

हेर्मान फ्योटिंगर ह्या जर्मन इंजिनिअरानें १९०५ सालीं तेलाच्या योगानें जोर पोंचविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. आजच्या टॉर्क कन्व्हर्टरचें मूळ तेथें आहे. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरतो. येथें वाऱ्याच्या जागीं तेल असतें. एक पंखा इंजिनास व दुसरा गिअरपेटीस जोडलेला असतो. परंतु पातीं इंजिनाकडून चाकांकडे जोर नेण्यासाठीं वांकविलेलीं असतात. उतरणीवर जोर उलट्या वाटेनें येऊं लागला म्हणजे तेल घसरतें, इंजिनाचे फेरे खालीं येतात व अटकाव थोडाच मिळतो. ही पहिली सैल जागा. ती बंद करण्यासाठीं नव्या पेट्यांत दोन्ही पंखे एकमेकांस घट्ट धरणारा लॉक-अप क्लच असतो. तो लागलेला असेपर्यंत जोड साध्या क्लचप्रमाणें पक्की राहते; मात्र तो केव्हां लावावा व केव्हां सोडावा हें यंत्रच ठरवितें.

दुसरी सैल जागा गिअरांतच आहे. सायकलीचें फ्रीव्हील आपल्या परिचयाचें आहे. पायडल मारलें तर चाक फिरतें, पण चाक फिरत असतां पायडल थांबविलें तर चाक अडत नाहीं. जुन्या तीन-चार गिअरांच्या ऑटोमॅटिक पेट्यांत, विशेषतः पहिल्या गिअरास, अशाच एकाच दिशेनें धरणाऱ्या क्लचचा उपयोग करीत. त्यामुळें ‘डी’वर असतांना चाकें इंजिनाच्या पुढें धांवूं लागलीं कीं ती जोड आपोआप सुटते. दांडा ‘एल’ किंवा ‘१’वर आणला म्हणजे एक निराळा पट्टा किंवा क्लच ती जागा दोन्ही दिशांनीं बांधून टाकतो, आणि मग इंजिन गाडीस धरतें.

तिसरी गोष्ट गिअर निवडण्याची. पाय उचलला कीं आतां जोर नको असें समजून यंत्र ‘डी’वर वरचा गिअर लावतें. सपाट रस्त्यावर हें योग्यच. पण घाटांत त्यामुळें अटकाव कमी होतो. कांहीं नव्या गाड्या उतार ओळखून स्वतः गिअर उतरवितात. सर्वच उतरवीत नाहींत. ए. एम. टी.मध्यें साधा क्लच असल्यानें पहिल्या दोन सैल जागा नाहींत, तिसरी मात्र आहे.

चालकानें काय करावें

(१) घाटमाथ्यावरच, वेग कमी असतांना, दांडा ‘एल’, ‘२’ किंवा हातानें गिअर बदलण्याच्या जागीं आणावा. सी. व्ही. टी. गाडींतहि ‘एल’ किंवा तत्सम जागा असल्यास तीच घ्यावी.

(२) पाय उचलूनहि वेग वाढत राहिला तर ब्रेकनें वेग उतरवून आणखी एक गिअर खालीं घ्यावा. भर वेगांत एकदम खालचा गिअर घेऊं नये. इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातात व ओल्या रस्त्यावर चाकें घसरतात.

(३) ब्रेक सतत घांसत ठेवूं नये. वेग पुरेसा उतरेपर्यंत नीट दाबून मग सोडावा, म्हणजे त्यास निवण्यास अवसर मिळतो.

(४) इंजिन कधींहि बंद करूं नये. ब्रेक व स्टिअरिंग ह्यांस मिळणारी मदत त्यामुळें जाते. शिवाय ऑटोमॅटिक पेटीस तेल पुरविणारा पंप बहुधा इंजिनावरच चालत असल्यानें पेटी कोरडी फिरून खराब होते.

ट्रॅक्टर-ट्रॉलीस हाच नियम अधिक कडकपणें लागूं आहे. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसतील तर मागील सर्व वजन ट्रॅक्टरास ढकलीत असतें. म्हणून खालचा गिअर माथ्यावरच घ्यावा, उतरणीवर क्लच दाबूं नये व दोन्ही ब्रेक एकत्र अडकविलेले आहेत हें निघण्यापूर्वीं पाहावें.

ज्यांच्या घरीं ऑटोमॅटिक गाडी आली आहे त्यांनीं तिच्या पुस्तिकेंतील दांड्याच्या जागांचें पान हंगामापूर्वीं एकदां वाचावें, व एखाद्या लहानशा, रिकाम्या उतरणीवर प्रत्येक जागा किती अटकाव देते तें अजमावून घ्यावें. भरलेली गाडी घाटांत शिरल्यावर ही परीक्षा घेऊं नये.