नौकेवरील शौचालय : दुर्गंधी झाकू नका, तिचे कारण दूर करा

मच्छीमार व नौकामालक कुटुंबांसाठी आरोग्य-माहिती

ससून डॉक, हर्णे किंवा मिरकरवाडा बंदरातून सुटलेल्या मोठ्या मासेमारी नौका अनेक दिवस समुद्रात असतात. नौकेवर शौचालय नसल्यास खलाशांना काठाचा आधार घेऊन शौचास बसावे लागते. रात्री तोल गेल्यास जीव जाऊ शकतो. नांगरलेल्या नौकेचा मैला खाडीत मिसळल्यास कावीळ व अतिसाराचे जंतू तिसऱ्या-कालवांतून आपल्याच ताटात परत येतात. म्हणून मुक्कामी नौकेवर बंद टाकीचे शौचालय असावे.

दुर्गंधी का येते?
हवेविना कुजणाऱ्या मैल्यातून सडक्या अंड्यांसारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. समुद्राच्या पाण्यातील सल्फेटमुळे तो अधिक बनतो. प्रमाण वाढल्यास नाक बधिर होते; वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजू नये.

बसवताना
• टाकीचा आकार हिशेबाने ठरवावा. सहा खलाशी, चार दिवस, प्रत्येकी दररोज पाच वेळा वापर आणि दर वेळी दोन लिटर पाणी धरल्यास 240 लिटर होतात. मलमूत्राचे सुमारे 40 लिटर मिळवून 350 लिटरची टाकी घ्यावी.
• टाकीची वायुनळी रुंद व शक्यतो सरळ असावी. तिचे तोंड झोपण्याच्या व स्वयंपाकाच्या जागेपासून दूर, उघड्यावर काढावे.
• समुद्राचे पाणी आत आणणाऱ्या नळीचा वळसा जलरेषेच्या वर नेऊन त्याच्या माथ्यावर हवेची झडप बसवावी. अन्यथा पाणी आपोआप आत ओढले जाऊन नौका बुडू शकते.

देखभाल करताना
• प्रत्येक वापरानंतर समुद्राकडील झडप बंद करावी.
• नौका बंदरात उभी करण्यापूर्वी नळ्या गोड्या पाण्याने धुवाव्यात.
• गरम पाण्यात भिजवलेले फडके नळीवरून फिरवावे. फडक्याला वास लागल्यास ती नळी बदलावी.
• ब्लीचिंग पावडर व आम्ल कधीही एकत्र करू नये. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.
• टाकी बंदरावर उपसा-यंत्राने रिकामी करावी. सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. नौकेच्या टाकीतही कोणालाही उतरवू नये.

कोणी बेशुद्ध पडल्यास
त्याच्यामागे आत उतरू नका. सर्व झाकणे व दारे उघडा. किनाऱ्यावर 108, समुद्रात तटरक्षक दलाच्या 1554 क्रमांकावर मदत मागा.

शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. जुलाब झाल्यास ओआरएस लगेच सुरू करावे व किनाऱ्यावर येताच आरोग्य केंद्रात जावे. घरी परतणारा खलाशी निरोगी असावा, याची तयारी नौका सुटण्यापूर्वीच करावी लागते.